तीन कोन, एक नाडी

बंदीचा महिना. होडी आनंदवाडीच्या काठावर
निळ्या ताडपत्रीखाली, इंजिन अर्धं उघडलेलं,
आणि मी घरात, लंगोट धुणारा माणूस.

विनयाने कोल्हापुराहून खोकं पाठवलं.
बटणांचे सहा, खिशांचे चार,
खिशात घालायच्या पट्ट्या वेगळ्या.
बाहेरून छत्रीच्या कापडासारखे, त्यावर हत्ती, ढग, अननस.
माप एकच, म्हणाली, तिसऱ्या वर्षापर्यंत चालतील,
बटणं फक्त सरकवत जायची.
एकवीस दिवसांच्या मांडीभोवती
मी सगळी बटणं शेवटच्या भोकापर्यंत आणली
तरी बोटभर फट राहिली,
आणि फटीतून जे यायचं ते
हर्षालीच्या नव्या गाऊनवर आलं.

लीलामावशी मलमलचे चौकोन घेऊन आली,
पतंगाची घडी शिकवून गेली.
मी चार वेळा घातली. पतंग चारही वेळा कटला.

आयेने ट्रंकेतून तिचे काढले.
तीन कोन, एक नाडी,
बाबांच्या लुंग्या फाडून शिवलेले.
एकावर पुसट पिवळा डाग.
"ह्यो तुझो," म्हणाली.
बत्तीस वर्षांनी माणूस यावर काय बोलणार?
"आणि ता छत्रीचा कापड रातीच्याक ठेव.
दिवसाचा चेडवाक वारो लागाक होयो."

मी मेकॅनिक. तोंडी सांगितलेलं मला पटत नाही.
पडवीत तिन्ही मांडले,
प्रत्येकावर फुलपात्रभर पाणी.
खिशाच्याने पाणी लपवलं, वरून कोरडा ठणठणीत,
पण आतली पट्टी दोरीवर दोन दिवस लोंबली
आणि तिसऱ्या दिवशीही
खारट ओल तिला सोडेना.
मलमल खालीवर सारखीच भिजली.
डालग्याखाली निखारे, निखाऱ्यांवर ओवा,
चार तासांनी माणसात आली.
लुंगीने पाणी जमिनीला लागूच दिलं नाही,
आणि जेवायच्या आधी सुकून मोकळी.

हे मला माहीत होतंच खरं तर.
नवं कापड तेल पसरवतं, जुनं पितं.
बाबांची लुंगी विरली की इतकी वर्षं
मीच आयेकडे मागायचो, इंजिन पुसायला.
आता घरात जुन्या लुंगीची वाट बघणारे दोघं:
एक चौदा अश्वशक्तीचं,
एक तीन किलोचं.

मी वहीत लिहिलं.
रात्री खिशाचा, दोन पट्ट्या.
दिवसा लुंगी.
जामसंड्याला डॉक्टरकडे जाताना हत्तीवाला.
हर्षालीला वाचून दाखवलं.
ती कुशीवर वळायला बघत होती, टाके ओढत होते.
"धुणारा तू आहेस तोवर तुझं चालू दे," म्हणाली.
"ऑगस्टपासून मी धुणार.
तेव्हा मी बघेन."
आणि डोळे मिटले.
पोर तेवढ्यात पुन्हा ओली झाली.
पावणेतीन वाजले होते. नंतर सव्वातीन. मग मी बघणं सोडलं.

दर्याला नारळ दिला, निघालो.
कुणकेश्वरचे दिवे मागे पडले तेव्हा
पंपाच्या सांध्यातून डिझेल ठिबकायला लागलं.
नेहमीचंच. चिंध्यांच्या पिशवीत हात घातला
तर बोटांना नाडी लागली.
बॅटरीच्या उजेडात बघितलं, पिवळा डाग.
स्वच्छ धुतलेला, ओव्याचा वास अजून होता.
आयेने टाकला असेल चुकून,
किंवा हर्षालीने, तिचं ठरवून झालं म्हणून.
फोनला रेंज नव्हती.

डिझेल ठिबकत होतं.
मी तो घडी घालून खिशात ठेवला
आणि सांधा शर्टाच्या टोकाने पुसला.